पाळणाघराच्या फळीवरचे बैल

एप्रिलमधली दुपार होती. साडेबारा वाजले होते, नागपूरच्या शंकरनगर चौकात ऑटो सिग्नलला थांबला की आतली रेक्झिनची सीट चटके देत होती आणि लेक माझ्या ओढणीत तोंड खुपसून होती. दहा महिन्यांची. सहा महिने माझी रजा होती, पुढचे चार महिने यवतमाळहून सासूबाई येऊन राहिल्या. आता त्यांना परत जायचं होतं. तिकडे सासऱ्यांना एकटं किती दिवस ठेवणार? तेव्हा आम्ही पाळणाघर बघायला निघालो होतो. आयुष्यातलं पहिलं.

आत गार वाटलं. भिंतीवर हत्ती, फुगे, ढग. आणि दाराच्या अगदी समोर, पाहुण्याची नजर पहिली जिथे पडेल तिथे, काचेच्या चौकटीत एक सरकारी कागद. संचालिका ताईंनी बोलायला सुरुवात करायच्या आधी त्याच्याकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे लायसन्स आहे." मला फार बरं वाटलं. कोणीतरी माझ्या आधी इथे येऊन, सगळं पाहून, शिक्का मारून गेलंय असं वाटलं. मग मी जवळ जाऊन तो कागद वाचला. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद होती ती. आपण ज्याला गुमास्ता म्हणतो ती.

घरी येऊन मी तो कायदा समजून घेतला. महाराष्ट्रातल्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर मालकाने व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यायची असते. कापडाच्या दुकानाला तेच, झेरॉक्सच्या दुकानाला तेच. कागद खोटा नव्हता. त्यावर नाव होतं, पत्ता होता, उद्या काही झालं तर कोणाच्या दारात जायचं ते कळत होतं, आणि ही काही लहान गोष्ट नाही. नोंदच नसलेल्या जागी मी लेकीला ठेवणार नाही. पण त्या कागदासाठी कोणी येऊन मुलांचं संडास पाहिलेलं नव्हतं. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला प्लगचं भोक लागतं का, दूध कुठे ठेवतात, झोपलेल्या मुलाकडे किती वेळाने कोणी बघतं, यातलं काहीही त्या चौकटीत नव्हतं. ते मलाच पाहायचं होतं.

पाहण्यासारखं काय होतं तिथे? सहा मुलं खुर्च्यांत बसलेली, समोर टीव्ही. एकही मूल रडत नव्हतं आणि एकही मूल बोलत नव्हतं. ताई मला मोबाइलवर कॅमेऱ्याचं ॲप दाखवत होत्या. ऑफिसात बसून केव्हाही बघा म्हणाल्या. मला नवी मुंबईतलं खारघर आठवलं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारलं, आपटलं. तिथेही कॅमेरा होता. त्यामुळेच नंतर सगळं कळलं. नंतर. माझी मुलगी त्या दिवशी बरोबर तेवढ्याच वयाची होती, आणि त्या थंड खोलीत माझ्या पाठीतून काटा गेला. कॅमेरा हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण जिथे मुलाच्या अंगाला हात लागतो तिथे कॅमेऱ्याचा हात पोचत नाही.

मी विचारलं, "मुलांना सांभाळणाऱ्या मावशी इथे किती दिवसांपासून आहेत?"

"आमचा स्टाफ ट्रेन्ड आहे."

"हो, पण किती दिवसांपासून?"

ताईंनी आत वळून विचारलं, "तू कधी आली गं?" आतून उत्तर आलं, "दिवाळीनंतर." दुसरी त्याच आठवड्यात लागली होती. त्या दोघींच्या आधी कोण होतं ते ताईंना पटकन आठवेना. मला त्या बायकांचा राग आला नाही, अजूनही येत नाही. पण दहा महिन्यांच्या मुलाला माणूस ओळखायलाच काही आठवडे लागतात. ओळख झाली की ते माणूस जातं, नवं येतं, पुन्हा पहिल्यापासून. मोठ्यांना सहन होणार नाही अशी ही गोष्ट आहे, आणि ती आपण बोलताही न येणाऱ्यांकडून मागतो.

तिथून पुढे प्रत्येक ठिकाणी मी हाच प्रश्न पहिला विचारला. फी नंतर, वेळ नंतर.

प्रतापनगरच्या बाजूचं दुसरं पाळणाघर जुन्या बंगल्यात होतं. अंगण, कडुनिंब, स्वच्छ फरशी. मनातून मी तिथे जवळजवळ हो म्हटलं होतं. मग कूलर दिसला. नागपूरकराला कूलरचं काय सांगायचं? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा तोच आपला प्राण. पण तो लोखंडी कूलर खिडकीत बाहेरून नव्हता लावलेला, खोलीतच स्टँडवर होता, टाकी जमिनीपासून वीतभर. फरशीवर पाणी ठिबकत होतं आणि वायर त्या पाण्यातूनच गेली होती. एक पोरगं टाकीच्या कडेला हात टेकवून उभं राहायला शिकत होतं. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, मोठी माणसं, चपला घातलेली. मी अर्थिंगचं विचारलं. "आतापर्यंत काही झालं नाही," असं उत्तर मिळालं. टाकीतलं पाणी कधी बदलता? "रोज भरतो ना." भरणं वेगळं आणि रिकामी करून घासणं वेगळं, डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या, वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायला हवी, हे महापालिकेची माणसं दर पावसाळ्यात घरोघर सांगत फिरतात.

आणि मुलं होती चौदा. बाई एकच. दुसरी "आज आली नाही".

मी त्या बाईकडे बघत होते. ती वाईट नव्हती. एकाला पाणी देत होती, तेवढ्यात दुसऱ्याने शी केली, तिसरं दाराकडे निघालं. ती पळत होती. माणूस पळत असताना प्रेम कुठून करेल? केंद्र सरकारने २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि सोबत मदतनीस, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलंय. दर मुलामागे किमान दहा-बारा चौरस फूट जागाही सांगितली आहे. गल्लीतल्या खासगी पाळणाघरासाठी त्या लिहिलेल्या नाहीत. पण आईच्या हातात मापाची पट्टी म्हणून त्या नक्की कामाच्या आहेत. माझं मत विचाराल तर न चालणाऱ्या बाळांसाठी दहा हेसुद्धा जास्तच. मी एक साधा हिशेब करते: आग लागली तर ही बाई एका फेरीत किती मुलं उचलून बाहेर नेईल? दोन. आणि बाहेर जायला दुसरं दार आहे का? त्या बंगल्याचं मागचं दार पलंग लावून बंद केलेलं होतं.

आम्ही परतलो. रात्री झोप लागली नाही.

माझ्या ऑफिसात आम्ही अठरा जण. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे पगारी रजा मिळाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर द्यावं, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं, असं ठरलं. हे मोठंच पाऊल आहे. याच नागपुरात, मध्यप्रांताची राजधानी असताना, १९३० मध्ये गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला होता. मुंबई इलाख्याने त्याच्या आदल्या वर्षी केला, पाठोपाठ आपण. तेव्हाच्या बाईला आठवड्यांच्या हिशेबात थोडीशी रजा, आज मला सव्वीस आठवडे. मधे किती जणींनी भांडून हे मिळवलं असेल. तरी अठरा माणसांच्या ऑफिसातल्या बाईचं मूल सत्ताविसाव्या आठवड्यात कुठे जातं, याला त्या कायद्यात उत्तर नाही. नवऱ्याच्या कंपनीत, वर्धा रोडला, माणसं शेकड्यांनी आहेत. पण चार वेळा मुलाला भेटायची मुभा कायद्याने आईला दिली, बापाला नाही. तो स्वतः हे वाचून गप्प झाला होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लक्ष्मीनगरकडच्या एका घराचा पत्ता मिळाला. सांगणारी भाजीवाली होती. तिच्या मालकिणीची दोन्ही मुलं तिथे वाढली म्हणाली. फलक छोटा. मुद्दाम न कळवता गेलो. अकरा वाजले होते.

दार उघडलं तर समोर एक पन्नाशीच्या मावशी जमिनीवर बसून एका मुलाला भरवत होत्या. आमच्याकडे बघितलं, आणि उठल्या नाहीत.

"थोडं थांबा जी. लेकराच्या तोंडात घास आहे."

आम्ही उंबऱ्यात उभे राहिलो. चार-पाच मिनिटं तरी. त्या मुलाने घास गिळला, मावशींनी त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, "झालं माझ्या राजाचं," म्हणाल्या, त्याला गादीवर ठेवलं, हात धुतले, साबणाने धुतले, आणि मग आमच्याकडे आल्या. मला वाटतं मी तिथेच ठरवलं होतं. पुढचा तासभर मी ते पारखून घेत होते एवढंच.

बघायला गेलं तर जागा साधी. कूलर खिडकीबाहेर, आत नुसता वाऱ्याचा झोत. प्लग सगळे वर, खालचे टेपने बंद केलेले. बाळं सपाट, घट्ट गादीवर उताणी निजवलेली, जवळ उशी नाही, गोधडीची घडी नाही. झोळी नव्हती. मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "झोळीत लेकरू दिसत नाही बाई. मला तोंड दिसायला पायजे." स्वयंपाकघरात मुगाची खिचडी आणि गाजर उकडून कुस्करलेलं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं तीन-चार वर्षांच्या मुलांनाही द्यायचे नाहीत असा तिथला नियम, कारण घशात अडकतात. फ्रिजमध्ये मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या दुधाच्या बाटल्या. मी तेव्हा अजून दूध काढून ठेवत होते, त्यामुळे मला त्याची फार काळजी होती. काढलेलं आईचं दूध साध्या खोलीत चार तास टिकतं म्हणतात, पण ते पंचवीस अंशांच्या खोलीचं गणित. आपल्या उन्हाळ्यात ते थेट फ्रिजमध्येच जायला हवं, आणि घरून नेतानाही बर्फाच्या पिशवीत.

संचालिका ताई आल्या आणि मलाच प्रश्न विचारायला लागल्या. लसीकरणाचं कार्ड आणलंय का? गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला? रात्री किती वेळा उठते? रडली की कशाने थांबते? घरी झोपताना कोणतं गाणं? घ्यायला कोण कोण येणार, त्यांचे फोटो द्या. फोटोत नसलेल्या माणसाच्या हाती मूल मिळणार नाही, सख्खा मामा असला तरी. ताप असेल त्या दिवशी आणायचं नाही, आणि दुपारी ताप आला तर तासाभरात न्यायला यायचं. एका प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलं नाही, तर त्यांनी "घरी विचारून लिहून आणा" म्हणून कोरा कागद दिला. आधीच्या दोन्ही ठिकाणी मला माझ्या मुलीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. तिचं नावसुद्धा नाही.

मावशींची आणि दुसऱ्या दोघींची पोलीस पडताळणी झाल्याचे कागद त्यांनी फाइलमधून काढून दाखवले, मी मागायच्या आधी. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. मावशी किती दिवसांपासून आहेत?

ताईंनी उत्तर दिलं नाही, मावशींकडे बघितलं. मावशींनी भिंतीवरच्या फळीकडे हात केला.

फळीवर लाकडी बैलांची रांग होती. लहानमोठे, चाकांवरचे, काहींची शिंगं तुटलेली, काहींच्या पाठीवरची झूल विटलेली. नागपूरच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आपला तान्हा पोळा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून ओढत निघतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही चाल. या पाळणाघरात दर वर्षी मुलं बैल घेऊन येतात, अंगणात तोरण बांधतात, आणि जे मूल शाळेत जायला निघतं ते आपला बैल इथे ठेवून जातं.

मावशी एकेका बैलावर बोट ठेवत गेल्या. "हा निळ्या झुलीचा, तो आता सहावीत आहे. पहिले सहा महिने माझ्या खांद्यावरच निजायचा. ही पोरगी, हिला वरणभात चालायचा नाही, नुसती पोळी कुस्करून दुधात. हे दोघं जुळे. हा चावायचा फार. हा पुण्याला गेला, मागच्या दिवाळीत आला होता भेटायला, एवढा उंच झाला." अकरा बैल. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची खोड, कोणाला कशाची भीती. नऊ वर्षं.

मला त्या फळीसमोर उभं राहून रडू आलं. नवऱ्याने लेकीला माझ्याकडून घेतलं, आणि लेक मावशींच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होती.

पहिला आठवडा मी रोज तिथे बसले. आधी तासभर सोबत, मग अर्धा तास अंगणात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आठ-नऊ महिन्यांपासून मुलांना आई दिसेनाशी झाली की धास्ती वाटते, हे मला माहीत होतं. माहीत असल्याने काही सोपं झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेटपर्यंत ऐकू येईल इतकी रडली. मी आत धावणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "लपून जाऊ नका. तिला सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळेला या." मी सांगितलं, "आई चारला येते." दहा महिन्यांच्या मुलीला काय कळणार चार? पण मी चारला गेले. रोज.

मधे दोनदा न सांगता, वेगळ्याच वेळी गेले. एकदा दीडला, एकदा संध्याकाळी साडेपाचला, मुलं कंटाळलेली आणि सांभाळणाऱ्या थकलेल्या असतात त्या वेळी. पाळणाघर बघायला सकाळी दहाला जाऊ नये, संध्याकाळी जावं, असं मी आता प्रत्येकीला सांगते. त्या संध्याकाळी दोन मुलं एकाच ट्रकसाठी ओरडत होती आणि मावशींचा आवाज चढलेला नव्हता. दमलेल्या दिसत होत्या. खाली बसून दोघांच्या मधे हात ठेवून बोलत होत्या.

त्यांच्याशी ओळख वाढली तेव्हा कळलं, त्यांचा नातू अडीच वर्षांचा आहे. मुलगी चार घरची धुणीभांडी करते. नातू अंगणवाडीत जातो, पण अंगणवाडी दुपारी सुटते, मग शेजारची म्हातारी बघते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; त्या अंगणावरून 'अंगणवाडी' हे नाव पुढे देशभर झालं. आता २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सरकारी योजनाही आहे, 'पाळणा' नावाची. मावशींच्या वस्तीत ती अजून आलेली नाही. माझी मुलगी ज्या मांडीवर झोपते त्या मांडीचा स्वतःचा नातू दुपारी कुठे असतो, हा प्रश्न मला रोज टोचतो. ताईंना मी मावशींचा पगार विचारला. आधी त्या चपापल्या, मग सांगितला. वर्षाला वाढ देतात, आजारपणाची रजा पगारी देतात. म्हणूनच मावशी नऊ वर्षं टिकल्या. जूनमध्ये ताईंनी फी वाढवली, पालकांच्या बैठकीत कुरकुर झाली. मी उठून म्हटलं की ही वाढ मावशींना मिळणार असेल तर मला मान्य आहे, आणि तसं लिहून द्या. ताईंनी लिहून दिलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी फोन आला. ऑफिसात माझे हात गार पडले. ताई म्हणाल्या, "घाबरू नका, बरी आहे. पण तुम्ही आल्यावर कळण्यापेक्षा आधी सांगते." मी पोचले तेव्हा लेक झोपली होती. मावशींनी वही पुढे केली. त्या दिवशीचं पान, त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात:

"३.१०. डाव्या दंडाला चावा. माझं लक्ष दुसऱ्या पोराकडे होतं. थंड पाणी लावलं. रडली पाच मिनिट. मांडीवर निजली."

खाली पालकाच्या सहीची जागा होती. मी सही केली. लेकीचा दंड बघितला, चार दातांची लाल खूण होती. मावशी बाजूला उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या. मी वही त्यांच्या हातात दिली आणि उद्या सकाळी नऊला आणते म्हणून सांगितलं.